खारपाणपट्ट्यात ध्रुवीय समुद्र : पाच दिवस, दोन लाद्या

शुक्रवार, २४ फेब्रुवारी २०२३ : अकोला

कारखान्याच्या फाटकातच अमोनियाचा वास आला आणि मामांची चाल बदलली. एकतीस वर्षं त्यांनी या बर्फ कारखान्यात काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आतले लोक त्यांना अजून मिस्त्रीच म्हणतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विज्ञान दिनाच्या निमित्ताने यंदा दोन गावांच्या शाळांत ध्रुवीय समुद्र घेऊन जायचं मी ठरवलं होतं. समुद्र गोठतो तेव्हा काय होतं, ते मुलांच्या जिभेला कळावं अशी माझी इच्छा होती. त्यासाठी खाऱ्या पाण्याची लादी हवी होती, आणि ती मला मामांशिवाय कोणी करून दिली नसती.

आत जमिनीलगत लाकडी झाकणांच्या रांगा आहेत. एक झाकण उचललं की खाली मिठाचं पाणी दिसतं. शून्याखाली दहा अंशांपर्यंत गार केलेलं, तरी वाहतं. त्यात पत्र्याचे उभे साचे बुडवलेले, आणि साच्यांत साधं पाणी. बाहेरचं खारं पाणी गोठत नाही म्हणून आतलं गोडं पाणी गोठवता येतं. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

मामांनी तयार लादीवर हात फिरवला. कडेला काचेसारखी नितळ आणि मधोमध पांढरट गाभा. “पाह्य पोरी, बर्फ कडेनं धरते अन् पान्यातला सारा कचरा मधात ढकलते. शेवटी मधातलं पानी खराबच राह्यते. चांगली लादी पाह्यजे असंन तं ते मधातलं पानी ओढून काढा लागते.”

मी सोळा वर्षं हे फळ्यावर लिहीत आले आहे. पाणी गोठताना त्याचे रेणू स्वतःची घट्ट जाळी विणतात, त्या जाळीत मिठाला जागा नसते, म्हणून मीठ बाहेर ढकललं जातं. समुद्रात नेमकं हेच होतं, फक्त तिथे साचा नसतो. ढकललेलं मीठ मधात अडकण्याऐवजी खालच्या पाण्यात उतरतं. माझ्या पाच दिवसांचा सगळा विषय मामांनी दोन वाक्यांत सांगून टाकला होता.

दोन छोटे साचे धुऊन घेतले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी पस्तीस ग्रॅम मीठ असतं. त्या हिशेबाने पंचवीस लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण किलोहून थोडं जास्त मीठ गेलं. असे दोन साचे भरून टाक्यात सोडले.

वाट बघताना मामा म्हणाले, पाणी गार व्हायला वेळ लागत नाही, गोठायला लागतो. खरंच आहे. शून्य अंशाच्या एक ग्रॅम पाण्याचा बर्फ व्हायचा तर त्यातून ऐंशी कॅलरी उष्णता काढून न्यावी लागते, आणि तेवढ्या वेळात तापमान तसूभरही उतरत नाही. घरातल्या एसीला आपण दीड टनाचा म्हणतो, तो टन याच धंद्यातून आलाय : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी ताकद. ध्रुवावर ही उष्णता काढून नेते हवा. हिवाळाभर समुद्र गोठतो म्हणजे हिवाळाभर तो हवेला उष्णता देत असतो.

आणि समुद्र तळ्यासारखा गोठत नाही. गोडं पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळ्यावर बर्फ लवकर धरतो. समुद्राच्या पाण्यात मीठ इतकं असतं की ते गोठेपर्यंत जडच होत जातं. वरचं गार पाणी बुडतं, खालचं त्याची जागा घेतं, मग ते गार होतं आणि बुडतं. असा मोठा थर घुसळून निघाल्यावर उणे १.८ अंशांना पहिले स्फटिक दिसतात.

शनिवार, २५ फेब्रुवारी : दर्यापूर तालुका

सकाळची शाळा, म्हणून पाचलाच निघालो. लाद्या थर्माकोलच्या पेट्यांत, भोवती भुसा, वर ओलं पोतं. गाडी मामांच्या मुलाची, चालवणारे मामा. मूर्तिजापूरला शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेगाडीचे रूळ ओलांडले. गवतात बुडालेत. मामांचं लग्न ठरलं तेव्हा वऱ्हाड त्या गाडीनं गेलं होतं. रुळांशी त्यांनी गाडी हळू केली, बोलले काही नाही.

पुढे खारपाणपट्टा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळीभोर, सपाट जमीन अकोला, अमरावती, बुलडाणा अशी तीन जिल्ह्यांत पसरली आहे. हात बुडेल इतकी भुसभुशीत, आणि जमिनीखालचं पाणी खारं. ते पिकाला दिलं तर माती चिकट होऊन बसते. म्हणून इथली शेती पावसावर, नाहीतर शेततळ्यावर. वाटेत हरभऱ्याची सोंगणी चालू होती. समुद्रापासून इतक्या लांब राहून मिठाशी रोज झगडणारी माणसं मला दुसरीकडे कुठे भेटली नाहीत, आणि शाळा निवडताना मी याच गावाचं नाव आधी लिहिलं होतं.

शाळेच्या ओट्यावर लादी ठेवली. सहावी-सातवीची चाळीस मुलं. आधी कडेचा एक तुकडा फोडून सगळ्यांच्या हातावर दिला. “थोडा खारट हाय.” मग मामांनी लादी आडवी केली, आणि मधल्या न गोठलेल्या भागातून पाणी भळभळा घमेल्यात पडलं. एका मुलीनं बोट बुडवून चाटलं आणि तिचं तोंड असं वाकडं झालं की बाकीच्या एकोणचाळीस जणांना लगेच चाटून बघायचं होतं.

त्या पाण्यात थोडी नीळ कालवली. काचेच्या पेटीत साधं पाणी होतं, त्याच्या कडेनं पळीने निळं पाणी सोडलं. ते पसरलं नाही. निळा दोरा सरळ तळाला गेला, तळाशी आडवा झाला, आणि दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेला. वर्ग गप्प. अशी शांतता मला भाषणाने कधी मिळाली नाही.

मग मी अंटार्क्टिका सांगितलं. खंडावर बर्फाचा प्रचंड घुमट आहे. त्याच्यावरची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून पाणी यावं तशी समुद्राकडे कोसळते. टेरा नोव्हा नावाच्या उपसागरात हा वारा इतका जोरकस असतो की किनाऱ्याला नुकताच धरलेला बर्फ तो आत समुद्रात लोटून देतो. पाणी पुन्हा उघडं पडतं, पुन्हा गोठतं, पुन्हा लोटलं जातं. ऐन हिवाळ्यात उघड्या राहणाऱ्या अशा पाण्याला पॉलिन्या म्हणतात. बर्फ तयार करून बाहेर पाठवायचा, मीठ मागे ठेवायचं, असा तो अखंड चालणारा कारखाना आहे. मागे राहिलेलं गार, खारट, जड पाणी खंडाच्या उतारावरून तळाला जातं आणि तिथून उत्तरेकडे पसरतं. आपल्या हिंदी महासागराच्या तळाशीही त्या दक्षिणेच्या पाण्याचा वाटा आहे. वारा, बर्फ आणि समुद्र यांतलं एक जरी बाजूला काढलं तरी हा कारखाना बंद पडतो.

उरलेलं खारं पाणी मी ओट्याखाली ओतणार होते. शेजारच्या घरातल्या आजी केव्हाच्या बघत उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. “बाई, ते पानी इथं नोका सांडू वो. आमची माती आधीच खारावली हाय.”

मला फार लाज वाटली. सगळं पाणी मामांच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं आणि कॅन गाडीत ठेवला.

संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम. पिठलं, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. त्याच्या वडिलांनी जेवताना सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. त्यांच्या विहिरीत पावसाळ्यानंतर वरचं पाणी बरं लागतं आणि खालचं खारं. पावसाचं हलकं पाणी खाऱ्यावर तरंगतं. हळूहळू उपसलं तर महिना-दीड महिना जनावरांना पुरतं. एकदा घाईत मोठी मोटर लावली, एका दिवसात खालचं खारं वर आलं आणि विहीर गेली.

मी घास हातात धरून ऐकत राहिले. उत्तर ध्रुवावर हेच आहे. ओब, येनिसे, लेना या सायबेरियातल्या नद्या आर्क्टिक समुद्रात गोडं पाणी ओततात. ते गार, कमी खारट पाणी वर थर धरून राहतं. त्याच्याखाली दीड-दोनशे मीटरपासून अटलांटिकमधून आलेलं ऊबदार, जास्त खारट पाणी आहे. वरचा सगळा बर्फ वितळवायला पुरेल इतकी उष्णता त्यात आहे, पण मधला थर तिला वर येऊ देत नाही. आणि मोटर लावली तर काय होतं तेही दक्षिणेत दिसलंय. अंटार्क्टिकाला लागून असलेल्या वेडेल समुद्रात १९७४ ते १९७६ असे सलग तीन हिवाळे बर्फाच्या मधोमध सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरचं पाणी उघडं राहिलं होतं. खालचं ऊबदार पाणी घुसळून वर आलं आणि बर्फाला धरू देईना. काका म्हणाले, “म्हंजे तिथंबी उपसा जास्त झाला.” मोटर कोणाची होती, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हवेची, मी म्हटलं. वरून गारवा मिळत गेला की पाणी जड होऊन बुडतं, आणि खालच्याला वर यावं लागतं.

रविवार, २६ फेब्रुवारी : तिथेच

सुट्टी. काकांच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला आहे. भाव उतरले म्हणून विकला नाही. घरातली माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस खोलीत. यंदा गावात घरोघरी तसंच आहे, आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नाही.

दुपारी एकला अंगणात दोन ताटं ठेवली. एकात काळी माती, दुसऱ्यात चुना. तासाभराने शेजारची पोरं गोळा करून दोन्हीवर तळहात ठेवायला सांगितला. मातीवरचा हात लगेच मागे आला. उघडा समुद्र काळ्या मातीसारखा असतो. पडलेल्या शंभर भाग उन्हातले सहा-सात परत पाठवतो, बाकीचं पिऊन टाकतो. उघडा समुद्री बर्फ पन्नास ते सत्तर भाग परत पाठवतो, त्यावर ताजा हिम पडलेला असेल तर ऐंशी-नव्वद. म्हणून उन्हाळ्यात बर्फ थोडा हटला की पाणी तापतं, आणि तापलेलं पाणी आणखी बर्फ हटवतं. २०१२च्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ चौतीस लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला होता, उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक. १९७९पासूनचा हिशेब घेतला तर आर्क्टिक प्रदेश सगळ्या पृथ्वीच्या मानाने जवळपास चौपट वेगाने तापला आहे.

बर्फ पांढरा, म्हणून ऊन परतवतो, इथवर पाठ्यपुस्तकात येतं. पण ध्रुवावर अर्धं वर्ष रात्र असते. तेव्हा परतवायला ऊनच नसतं, आणि तेव्हाच बर्फ सर्वांत मोठं काम करतो. मला मुलांना हा भाग सांगायचा होता.

मामांनी थर्माकोलची पेटी उघडून दाखवली. भुसा लादीला गार करत नाही, तो फक्त बाहेरचं आणि आतलं एकमेकांना भिडू देत नाही. ध्रुवाच्या रात्री समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांवर असतं आणि वरची हवा उणे तीस-चाळीस. त्या हवेच्या मानाने समुद्र म्हणजे पेटलेली चूल. दोघांच्या मध्ये मीटर-दोन मीटर जाडीचा बर्फ. खाली चार-चार किलोमीटर खोल पाणी आणि वर एवढीशी साय. तरी ती साय उष्णता अडवून धरते. बर्फाला भेग पडली की तेवढ्या पट्टीतून वाफा उसळतात, ढग धरतात, आणि आजूबाजूच्या जाड बर्फापेक्षा कितीतरी पट उष्णता तिथून निघून जाते. भेग तासाभरात नव्या बर्फाने सांधू लागते, आणि सांधताना पुन्हा मीठ खाली सोडते.

एका पोराने विचारलं, बर्फावर अजून बर्फ पडला तर? मला हा प्रश्न फार आवडला. भुरभुरीत हिमात हवा कोंडलेली असते, ती गोधडीसारखी. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच जाड हिम पडलं तर खालच्या पाण्यातली उष्णता वर जाऊ शकत नाही, आणि समुद्री बर्फ जाड होत नाही. तेच हिम उन्हाळ्यात ऊन परतवून बर्फ वाचवतं. एकच वस्तू, ऋतू बदलला की काम उलटं.

सोमवार, २७ फेब्रुवारी : लोणारच्या वाटेवर

पातूरच्या पुढे चाक बसलं. स्टेपनीतही हवा नव्हती. मामा एका दुचाकीवर चाक घेऊन गेले, मी पळसाखाली गाडीजवळ बसून राहिले. पळस पेटलेला, सावली जेमतेम. ऊन मार्च संपतानाचं वाटत होतं. पुढे हवामान खात्याने जाहीर केलं की सरासरी कमाल तापमानात हा फेब्रुवारी देशात १९०१पासूनचा सर्वांत तापलेला होता.

रस्त्यापलीकडे रिकाम्या वावरात भोवरा उठला, पाचोळा घेऊन तिरपा गेला. मला नान्सेन आठवला. १८९३ साली फ्रिदत्योफ नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकाने ‘फ्राम’ नावाचं जहाज आर्क्टिकमध्ये मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं आणि तीन वर्षं बर्फ नेईल तिकडे जाऊ दिलं. रोज वाऱ्याची आणि जहाजाची दिशा टिपली. बर्फ वाऱ्यामागे सरळ जात नव्हता, वीस ते चाळीस अंश उजवीकडे जात होता. पृथ्वी फिरते म्हणून हे होतं हे त्याने ओळखलं. एकमान नावाच्या तरुणाने त्याचं गणित मांडलं, आणि वारा समुद्राला कसा हलवतो ते शास्त्र त्यातून उभं राहिलं. दक्षिण गोलार्धात हाच बर्फ डावीकडे वळतो. २०१९च्या ऑक्टोबरात ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज असंच बर्फात अडकवून घेतलं गेलं, आणि वर्षभर हवा, बर्फ आणि पाणी तिन्ही एकाच जागी मोजले. एकशे सव्वीस वर्षांनी रीत तीच : बर्फाचं ऐकत त्याच्याबरोबर जायचं.

फोनला तिथे रेंज होती. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ २१ फेब्रुवारीला १७.९ लाख चौरस किलोमीटरवर आला होता. आदल्या वर्षीचा नीचांक १९.२ लाखांचा, म्हणजे एका वर्षात अख्ख्या विदर्भाहून मोठा तुकडा कमी. आर्क्टिकचा बर्फ दशकानुदशकं घटत आला आहे, पण दक्षिणेचा बरीच वर्षं टिकून होता, २०१४मध्ये तर हिवाळ्यात तो विक्रमी पसरला होता. मी तो आकडा चार-पाच वेळा वाचला. पळसाखाली बसून पोटात खड्डा पडला, हे खरं लिहिते.

मामा दोन तासांनी आले. दुसऱ्या लादीची पेटी उघडली तर निम्मीच राहिली होती. पेटीच्या तळाशी पाणी साचलेलं. माझा चेहरा बघून मामांनी एक तुकडा तोडून तोंडात टाकला, थांबले, आणि मला दिला. “चाखून पाह्य. गोड झाला.”

खरंच जवळजवळ गोडा होता. लादी घाईत गोठलेली, म्हणून बर्फात खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे अडकले होते. उन्हाने ते एकमेकांना जोडले गेले आणि मीठ आधी निथळून गेलं. तळाचं पाणी चाखलं तर कडू-खारट. आर्क्टिकमध्ये एक-दोन उन्हाळे काढलेला बर्फ असाच निथळतो. तिथले लोक आणि जुने प्रवासी तो वितळवून पिण्याला वापरत आले. आता तसा जुना, जाड बर्फच आर्क्टिकमध्ये फार थोडा उरलाय. बहुतेक एका हिवाळ्याचा असतो, पातळ आणि खारट.

तळाचं पाणीही कॅनमध्ये ओतलं.

मंगळवार, २८ फेब्रुवारी : लोणार

सकाळी विवरात उतरलो. उल्का आदळून बेसाल्टमध्ये पडलेला जवळजवळ वाटोळा खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, तळाशी खारं सरोवर. २०२०च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. वरून गोमुखाची गोडी धार आत येते आणि बाहेर जायला वाट नाही. कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं अशी तिची ख्याती. मामांनी दोन्हीकडे ओंजळ धरून बघितली आणि मान हलवली.

शाळेत उरलेली लादी दाखवली. आज रामन परिणामाचा दिवस, पण मी रामन यांच्या १९२१च्या बोटीच्या प्रवासापासून सुरुवात केली : समुद्र निळा का दिसतो या प्रश्नाने त्यांना तिथे धरलं होतं. मग आपल्या माणसांबद्दल सांगितलं. डिसेंबर १९८१मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाली. आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली संशोधन केंद्रं आहेत. उत्तरेला नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८पासून, आणि त्याच्याजवळच्या कोंग्सफ्योर्ड या जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात २०१४पासून भारताचं ‘इंडार्क’ हे उपकरण दोराला बांधून सोडलेलं आहे. अटलांटिकचं ऊबदार, खारं पाणी फ्योर्डमध्ये किती येतं ते अशा नोंदींतून कळतं.

दुसऱ्या बाकावरचा मुलगा उठला. “मॅडम, आमचं तळं उन्हानं खारं झालं. मग थंडीनं बी पानी खारंच कसं होते?”

मी खडू खाली ठेवला. ऊन पाणी उचलून नेतं आणि मीठ मागे राहतं. थंडी पाणी बर्फात बांधून टाकते आणि मीठ मागे राहतं. लोणारला ते तळ्यातच साठलं, कारण जायला वाट नाही. ध्रुवावर त्याला खाली जायला वाट आहे, चार किलोमीटरची. त्याने खिडकीतून तळ्याच्या दिशेला बघितलं आणि विचारलं, आणि बर्फच कमी झाला तर खाली जाणारं पाणीही कमी होईल का? अंटार्क्टिकाभोवती तळाला जाणारं पाणी काही ठिकाणी कमी खारट आणि थोडं ऊबदार झाल्याचं मोजलं गेलंय, मी सांगितलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

रात्री नऊला अकोल्यात पोचलो. मामांनी गाडी घराकडे न नेता कारखान्याकडे वळवली. पाळीवरच्या पोराने झाकण उचललं. कॅनमधलं पाणी तीन चादरी घेऊन गाळलं आणि मामांनी ते टाक्यात ओतलं. दर्यापूरच्या आजींना फोन करून सांग म्हणाले, एक थेंब कोणाच्या वावरात गेला नाही. मी तिथूनच लावला.